सरासरीत न सापडणारी पेशी

टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींपैकी एक, दुसऱ्या पेशीला चिकटते, तिचा पृष्ठभाग चाचपते आणि काही मिनिटांत ठरवते की हिला सोडायचं की हिच्यावर तुटून पडायचं. माझं सगळं संशोधन या काही मिनिटांभोवती फिरत आलं आहे. ऐकणाऱ्याला हा विषय फार चिंचोळा वाटतो. पण त्या मिनिटांत काय घडतं ते पाहा. समोरच्या पेशीच्या पृष्ठभागावर एमएचसी नावाच्या प्रथिनांचे हजारो रेणू असतात आणि प्रत्येकाने प्रथिनाचा एक बारीक तुकडा, म्हणजे पेप्टाइड, धरून ठेवलेला असतो. त्यातले बहुतेक सगळे तुकडे शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांचे. पेशीत विषाणू शिरला असेल तर त्याचे तुकडे या गर्दीत कुठेतरी, मोजकेच. असे दहाच्या आसपास तुकडे सापडले तरी टी-पेशी पुरती जागी होते. ते नजरेतून सुटले तर संसर्ग मोकाट सुटतो आणि स्वतःचेच तुकडे परके वाटले तर शरीर स्वतःवर उलटतं. इतका अवघड निवाडा सात-आठ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान, एक पेशी सतत करत असते. याचं मला पहिल्यांदा जे नवल वाटलं ते अजून ओसरलेलं नाही.

मी या विषयात आले ती जीवरसायनशास्त्रातून. शुद्ध केलेलं एन्झाइम, मोजता येणारा वेग, नीट बसणारे आलेख अशी सवय लागलेली. इम्युनॉलॉजीचं, म्हणजे रोगप्रतिकारशास्त्राचं, पहिलं पाठ्यपुस्तक उघडलं तेव्हा सीडी४, सीडी८, सीडी२८, आयएल-२, आयएल-४ अशा प्रथिनांच्या नावांच्या आणि आकड्यांच्या रानात वाटच सापडेना. पीएचडीसाठी ज्या सरांकडे गेले त्यांनी ते पुस्तक बाजूला ठेवायला लावलं आणि "मेच्निकॉफ यांनी काय पाहिलं ते आधी वाच," म्हणून सांगितलं. ईल्या मेच्निकॉफ यांनी १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर फिरत्या पेशी काट्यांभोवती गोळा झाल्या होत्या. अळी पारदर्शक होती म्हणून हे दिसलं. रोगप्रतिकाराचं काम पेशी स्वतः करतात, ही कल्पना तिथून रुजली. १९०८ चं नोबेल त्यांना आणि पॉल एर्लिख यांना विभागून मिळालं खरं, पण पुढची कित्येक दशकं पारडं जड राहिलं ते रक्तद्रवातल्या अँटिबॉडींचं, म्हणजे परक्या रेणूंना चिकटणाऱ्या प्रथिनांचं. रक्तद्रव नळीत घेऊन मोजता येत होता. पेशी तशी मोजता येत नव्हती. टी-पेशी जिथे तयार होतात ती थायमस ग्रंथी शरीरात कशासाठी आहे, हेसुद्धा १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी दाखवेपर्यंत कोडंच होतं. सरांनी हे सगळं का वाचायला लावलं ते मला पुढे माझे स्वतःचे आलेख समोर आले तेव्हा कळलं.

सुरुवातीचा काळ हात बसण्यात गेला. रक्तातून लिम्फोसाइट, म्हणजे टी-पेशी ज्या गटात मोडतात त्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या काढणं हे आमच्या लॅबमधलं पहिलं काम. नळीत तळाला फायकॉलचं द्रावण असतं, त्याची घनता १.०७७. त्यावर पातळ केलेलं रक्त असं सोडायचं की दोन्ही थर एकमेकांत मिसळता कामा नयेत. नळी तिरकी धरायची, पिपेटचं टोक काचेला टेकवायचं आणि रक्त थेंबाथेंबाने काठावरून ओघळू द्यायचं. मग नळ्या गरगर फिरवणारा सेंट्रिफ्यूज लावायचा, आणि थांबताना त्याचा ब्रेक बंद ठेवायचा, नाहीतर शेवटच्या धक्क्याने थर ढवळले जातात. नळी बाहेर काढली की तांबड्या पेशी तळाला बसलेल्या, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मधे एक धुरकट पांढरं कडं. त्या कड्यात लिम्फोसाइट असतात. लॅबमधली माझी सीनियर हे कडं उचलताना बोलायची नाही. पिपेट कड्याच्या पातळीला फिरवत ती ते अलगद ओढून घ्यायची, आणि खालचं फायकॉल जराही वर यायचं नाही. मला तसं जमायला बराच काळ लागला. पेशी बिथरल्या असतील तर पुढच्या कुठल्याही मोजमापाला अर्थ उरत नाही, हे शिकवायला तिला शब्द लागले नाहीत.

सेल कल्चरमध्येही असंच. सदतीस अंश, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, माध्यमात दहा टक्के सीरम, आणि आठवड्याचे सातही दिवस पेशींना पाहायला जायचं. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूचा शिरकाव झाला तर माध्यम गढूळ होत नाही, पेशी मरतही नाहीत, फक्त हळूहळू वेगळं वागू लागतात. म्हणून ठराविक काळाने पेशी डीएनए रंगवणाऱ्या रंगात बुडवून पाहायच्या. केंद्रकाबाहेर निळे ठिपके दिसले की ती बॅच टाकून द्यायची, मग तिच्यावर कितीही प्रयोग रचलेले असोत.

माझा पहिला खरा प्रयोग साधा होता. एकाच प्रकारचा रिसेप्टर, म्हणजे पेप्टाइड ओळखणारं पृष्ठभागावरचं प्रथिन, असलेल्या टी-पेशी घ्यायच्या, त्यांना पेप्टाइडचे वाढत जाणारे डोस द्यायचे आणि जाग्या झालेल्या पेशींनी सोडलेलं आयएल-२ माध्यमात किती उतरलं ते एलायझाने, म्हणजे अँटिबॉडीच्या मदतीने प्रथिन मोजणाऱ्या चाचणीने, मोजायचं. आलेख देखणा आला. कमी डोसला काही नाही, मग हळूहळू चढ, शेवटी सपाट. जीवरसायनातून आलेल्या मला तो आलेख ओळखीचा वाटला, अगदी एन्झाइमचाच. सरांनी तो पाहिला आणि विचारलं, "मधल्या डोसला प्रत्येक पेशी अर्धी जागी झाली आहे, की निम्म्या पेशी पूर्ण जाग्या झाल्या आहेत?"

एलायझाकडे याचं उत्तर नसतं. त्या नळीत लाखो पेशींचा स्राव एकत्र झालेला असतो. उत्तर हवं तर पेशी एकेक करून पाहायला हव्यात, आणि त्यासाठी फ्लो सायटोमीटर आहे. स्टॅनफर्डमध्ये लेन हर्झेनबर्ग यांच्या गटाने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे हे यंत्र पेशी निवडून वेगळ्या करण्याइतकं घडवलं. पेशी एका बारीक धारेतून एकापाठोपाठ एक लेझरसमोरून जातात आणि प्रत्येकीवर चिकटलेल्या रंगीत अँटिबॉडीचा उजेड वेगळा नोंदला जातो. सेकंदाला हजारो पेशी, आणि तरीही नोंद प्रत्येकीची स्वतंत्र. हे यंत्र शिकतानाच एका रंगाचा उजेड दुसऱ्याच्या खिडकीत कसा सांडतो आणि तो वजा करण्यासाठी प्रत्येक रंगाचा वेगळा कंट्रोल, म्हणजे फक्त त्याच रंगाचा तुलनेचा नमुना, का लागतो, हे डोक्यात बसलं. कंट्रोलशिवाय दोन रंगांच्या पेशी असल्याचा भास सहज होतो.

जाग्या झालेल्या टी-पेशीवर सीडी६९ हे प्रथिन काही तासांत वर येतं. ते मोजलं तेव्हा पडद्यावर दोन उंचवटे दिसले. डावीकडचा निद्रिस्त पेशींचा, उजवीकडचा जाग्या झालेल्यांचा, आणि मधली दरी जवळजवळ रिकामी. डोस वाढवत गेले तसा डावा उंचवटा खचत गेला आणि उजवा चढत गेला, पण दोन्ही आपापल्या जागेवरून हलले नाहीत. कुठलीही पेशी अर्धी जागी नव्हती. दिवा मंद-तेज करावा तसा हा प्रकार नव्हता. प्रत्येक पेशी एकतर पेटलेली होती किंवा विझलेली. माझ्या एलायझाच्या देखण्या आलेखाच्या मधोमध जी "सरासरी पेशी" होती, तशी एकही पेशी त्या नळीत नव्हती.

त्या रात्री मी उशिरापर्यंत यंत्रासमोर बसून राहिले. पुढे माझ्या कामाला जे वळण लागलं ते या दोन उंचवट्यांमुळे.

लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला. रिसेप्टर एकच, डोस एकच, नळी एकच, तरी काही पेशी जाग्या होतात आणि काही होत नाहीत, हे कसं? जनुकं तर सगळ्यांची सारखीच. आम्ही न जागलेल्या पेशी यंत्रातून वेगळ्या काढल्या, त्यांना काही दिवस निवांत वाढू दिलं आणि पुन्हा तोच डोस दिला. त्यांच्यातही पुन्हा दोन उंचवटे उमटले. म्हणजे या पेशी कायमच्या बधिर नव्हत्या, त्या वेळी तशा होत्या. २००८ मध्ये एका अमेरिकी गटाने दाखवलं की एकाच क्लोनच्या, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेल्या, पेशींमध्ये सीडी८ आणि एसएचपी-१ या प्रथिनांचं प्रमाण कमी-जास्त असतं, आणि पेशी किती संवेदनशील असेल हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. आमच्या निरीक्षणाला त्यातून आधार मिळाला. न जागलेल्या पेशींचा हा प्रयोग करायला आमच्या पेपरच्या एका रिव्ह्यूअरने सांगितलं होतं, हे इथे आवर्जून लिहायला हवं. दुसऱ्या रिव्ह्यूअरला एवढे सगळे आलेख कशासाठी, असा प्रश्न पडला होता. सरासरी काढून एक स्तंभालेख द्या, असं त्याचं म्हणणं होतं. सरांनी त्याला सविस्तर आणि नम्रपणे उत्तर लिहिलं, आणि एकही आलेख काढला नाही.

पीएचडीत एक लांबलचक कोरडा काळ येतो, तो मलाही चुकला नाही. काहीच हाती लागत नव्हतं, अशा त्या महिन्यांत मी राल्फ स्टाइनमन यांचे जुने पेपर वाचत असे. १९७३ मध्ये त्यांनी आणि झॅन्व्हिल कोन यांनी उंदराच्या प्लीहेतल्या, काचेला चिकटणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा फांद्याफांद्यांच्या आकाराच्या, सतत हात पसरणाऱ्या काही मोजक्या पेशी त्यांच्या नजरेत भरल्या. त्यांनी त्यांना डेंड्रायटिक पेशी म्हटलं. त्या इतक्या थोड्या होत्या की कित्येकांना तो मॅक्रोफेजचाच, म्हणजे परकं ते गिळून टाकणाऱ्या पेशींचाच, एखादा तऱ्हेवाईक प्रकार वाटला. त्या भरपूर संख्येने वाढवण्याची पद्धत हाती यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. टी-पेशीला पहिल्यांदा जागं करण्यात या पेशींचा हात कुणीच धरू शकत नाही, हे आज प्रत्येक विद्यार्थी शिकतो. स्टाइनमन ३० सप्टेंबर २०११ रोजी गेले आणि ३ ऑक्टोबरला त्यांचं नोबेल जाहीर झालं. निवड समितीला त्यांच्या निधनाची खबर तेव्हा नव्हती, आणि पारितोषिक कायम ठेवलं गेलं. बशीत शंभरात जेमतेम एखादी असणारी पेशी त्यांनी "इतर" म्हणून बाजूला टाकली नाही, हे मला त्या दिवसांत फार धीर देऊन गेलं.

पोस्टडॉकसाठी मी मुद्दाम पेशीशास्त्राच्या लॅबमध्ये गेले. तिथे प्रश्न विचारण्याची रीतच निराळी. इम्युनॉलॉजीत आम्ही "किती टक्के पेशी?" असं विचारायचो. इथे पहिला प्रश्न "पेशीत कुठे?" असा असायचा. प्रथिन आहे हे पुरेसं नसे, ते पेशीच्या कोणत्या बाजूला आहे, कोणत्या क्षणी तिथे पोचलं, कशावरून सरकत आलं, हे सांगावं लागे. सुरुवातीला मला हा हट्ट वाटला. मग एका संध्याकाळी कॅल्शियमचा प्रयोग पाहिला.

टी-पेशींमध्ये फ्युरा-२ नावाचा रंग भरलेला होता. ३४० आणि ३८० नॅनोमीटरच्या उजेडात त्याची चमक वेगवेगळी असते आणि त्या दोन्हींच्या गुणोत्तरावरून पेशीतलं कॅल्शियम कळतं. खोलीत अंधार, सूक्ष्मदर्शकाभोवती सदतीस अंशाची पेटी आणि पडद्यावर निळ्या रंगात दाखवलेल्या टी-पेशी, डेंड्रायटिक पेशींच्या आसपास सरपटणाऱ्या. त्यांचा पुढचा भाग पातळ, पसरट. मागे गोलसर शेपूट. एक पेशी डेंड्रायटिक पेशीच्या फांदीला टेकली, तिच्यावरून सरकत थोडी पुढे गेली आणि जागीच थबकली. काही सेकंदांत निळी पेशी हिरवी, पिवळी आणि मग लाल झाली. तिचा लांबट आकार गेला, ती गोल झाली आणि समोरच्या पेशीला सपाट होऊन चिकटली. तिच्या बाजूनेच दुसरी एक टी-पेशी आली, त्याच फांदीला टेकली, आणि निळीच राहून पुढे निघून गेली. माझे पीएचडीतले दोन उंचवटे इथे दोन पेशी होऊन समोर हालत होते.

दोन पेशींमधल्या या सपाट जोडाला इम्युनॉलॉजिकल सिनॅप्स म्हणतात. त्याच्या अभ्यासाचा इतिहास प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. १९९८ मध्ये अब्राहम कुप्फर यांच्या गटाने आणि १९९९ मध्ये मायकेल डस्टिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या जोडात रेणूंची मांडणी वर्तुळाकार असते: मध्यभागी टी-पेशीचे रिसेप्टर, भोवती चिकटून राहण्याच्या रेणूंचं कडं. चित्र इतकं रेखीव होतं की मध्यभागीच संदेश तयार होत असणार, असं बहुतेकांनी धरून चाललं. २००२ मध्ये उलटंच दिसलं. संदेशाचा जोर हे वर्तुळ पूर्ण होण्याआधीच येऊन गेलेला असतो. पुढे असंही कळलं की रिसेप्टरचे छोटे पुंजके कडेला तयार होतात, तिथेच काम करतात आणि सरकत मध्यभागी येतात तेव्हा त्यांची विल्हेवाट लागायची वेळ झालेली असते. म्हणजे सगळ्यात ठळक दिसणारी जागा बऱ्याच अंशी कामावरून उतरलेल्या रेणूंची होती. मूळ निरीक्षण चुकीचं नव्हतं, आणि ज्यांनी ते केलं त्यांच्यापैकीच काहींनी त्याचा अर्थ बदलला. स्वतःच्या गाजलेल्या चित्राला असं पुन्हा तपासायला घेणं मला फार मोठं वाटतं.

माझं काम मारक टी-पेशींवर होतं. या पेशींच्या पोटात परफोरिन आणि ग्रॅन्झाइम ही मारक प्रथिनं भरलेल्या कणिका असतात. शत्रूची ओळख पटली की पेशीचं सेंट्रोसोम, जिथून सूक्ष्मनलिकांचं जाळं निघतं ते केंद्र, सिनॅप्सच्या दिशेने वळतं आणि कणिका त्या नलिकांवरून त्याच्याकडे गोळा होतात. २००६ मध्ये जिलियन ग्रिफिथ्स यांच्या गटाने दाखवलं की सेंट्रोसोम थेट पेशीपटलाला जाऊन टेकतं आणि कणिका नेमक्या त्याच ठिकाणी रिकाम्या होतात. म्हणून शेजारची निरोगी पेशी वाचते. हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर "कुठे?" हा प्रश्न हट्टाचा आहे, असं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

याच काळात एका अँटिबॉडीने आम्हाला फार छळलं. सेंट्रोसोमजवळ जमणाऱ्या एका प्रथिनावर माझं काम चालू होतं. सशाच्या सीरममधून तयार केलेली, विकत मिळणारी अँटिबॉडी आम्ही वापरत होतो. चित्रं स्वच्छ येत होती, प्रथिनं वजनानुसार वेगळी करून दाखवणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटवर योग्य वजनाची पट्टी दिसत होती, सगळं जुळत होतं. मग त्याच क्रमांकाचा नवा लॉट आला आणि सेंट्रोसोमजवळचा तो ठिपका नाहीसा झाला. आम्ही आधी पेशींवर संशय घेतला, मग द्रावणांवर, मग सूक्ष्मदर्शकावर. शेवटी क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने त्या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलेल्या पेशी बनवल्या आणि जपून ठेवलेल्या जुन्या लॉटने रंगवल्या. प्रथिन नव्हतं, तरी ठिपका जागच्या जागी. जुनी अँटिबॉडी दुसऱ्याच कुठल्यातरी प्रथिनाला चिकटत होती.

पोस्टडॉकच्या मोठ्या काळातल्या चित्रांवर पाणी सोडावं लागलं. विक्रेत्याला कळवलं, त्यांनी पुढचा लॉट पाठवण्याची तयारी दाखवली. खरं तर अशा सीरमची जातकुळीच तशी असते. प्रत्येक प्राण्याचा प्रतिसाद वेगळा, एकाच प्राण्याचाही दर वेळी वेगळा. १९७५ मध्ये क्योलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच पेशीच्या वंशातून एकाच प्रकारची अँटिबॉडी अखंड मिळवण्याची युक्ती काढली, ती याच अडचणीवरचा मोठा उपाय होती, आणि तिच्यासाठी त्यांना १९८४ चं नोबेल मिळालं. पण अशी मोनोक्लोनल अँटिबॉडी असो की सीरम, ती नेमकी कशाला चिकटते हे ज्याने त्याने आपल्या पेशीत तपासायलाच हवं. माझ्या लॅबमध्ये आज जनुक काढलेल्या पेशींवर पडताळल्याशिवाय कुठलीही अँटिबॉडी वापरात येत नाही. नव्या विद्यार्थ्यांना सुरुवातीचे महिने यातच गेल्याचं वाईट वाटतं. त्यांचे ते महिने मी मुळीच कमी करत नाही.

स्वतःची लॅब सुरू झाली तशी हातात पिपेट कमी आणि कागद जास्त आले. ग्रँटचे अर्ज, त्यातले नकार, यंत्रांच्या दुरुस्त्या, माणसं निवडणं. याबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे आणि माझा अनुभव त्याहून वेगळा नाही. एवढंच म्हणेन की एकेका पेशीकडे पाहणारं काम धीमं असतं, आणि अर्ज तपासणाऱ्यांना ते का धीमं आहे हे दर वेळी नव्याने पटवून द्यावं लागतं.

त्या वर्षांतली एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायची आहे. एका रुग्णालयातून विचारणा आली. एक लहान मूल, उतरत नसलेला ताप, वाढलेली प्लीहा, घसरत चाललेल्या रक्तपेशी. डॉक्टरांना एचएलएच या आजाराचा संशय होता. यात प्रतिकारशक्ती भडकते आणि मॅक्रोफेज स्वतःच्याच रक्तपेशी गिळू लागतात. त्याचा आनुवंशिक प्रकार मारक पेशींच्या बिघाडातून येतो. परफोरिनच्या जनुकातला दोष १९९९ मध्ये सापडला आणि कणिका पेशीपटलाशी जोडणाऱ्या मंक१३-४ या प्रथिनातला २००३ मध्ये. माझ्या पीएचडीच्या दिवसांत ही माहिती नवी होती, आणि मारू न शकणाऱ्या पेशींमुळे प्रतिकारशक्ती उलट भडकते कशी, हे मला समजत नसे. त्याचं उत्तर २०१५ मध्ये जिवंत पेशींच्या चित्रीकरणातून मिळालं. मारक पेशीला समोरची पेशी मारता आली नाही तर ती तिला सोडत नाही. जोड लांबतच जातो, आणि तेवढा सगळा वेळ ती इंटरफेरॉन-गॅमा आणि इतर सायटोकाइन, म्हणजे दुसऱ्या पेशींना चेतवणारी प्रथिनं, ओतत राहते. मॅक्रोफेज भडकतात ते त्याने. मरणारी पेशी गळून पडते तेव्हाच मारक पेशीची सुटका होते, हे तोवर कुणी इतकं स्वच्छ दाखवलं नव्हतं.

मुलाचा नमुना आला, सोबत आई-वडिलांचा, आणि आमच्यातल्या एकीने निरोगी नमुना म्हणून स्वतःचं रक्त दिलं. चाचणी सीडी१०७ए ची. हे प्रथिन कणिकांच्या आवरणात, म्हणजे पेशीच्या आत असतं. कणिका पेशीपटलात मिसळून रिकामी झाली की ते क्षणभर बाहेरच्या पृष्ठभागावर येतं आणि तिथे अँटिबॉडीला सापडतं. मारक टी-पेशींसारख्याच कणिका असणाऱ्या एनके (नॅचरल किलर) पेशींना के५६२ या लक्ष्यपेशींबरोबर, म्हणजे त्यांनी मारायच्या पेशींबरोबर, ठेवलं आणि फ्लो सायटोमीटरवर नेलं. निरोगी पेशींचा एक ठळक गट उजवीकडे सरकला. आई-वडिलांचाही सरकला. मुलाच्या पेशी लक्ष्यासह आणि लक्ष्याविना जिथल्या तिथे. आतलं परफोरिन वेगळं मोजलं तर ते व्यवस्थित भरलेलं. म्हणजे शस्त्र तयार होतं. दार उघडत नव्हतं. आम्ही संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. जनुकीय तपासणी पुढे आली तेव्हा दोष मंक१३-४ च्याच जनुकात निघाला, आई आणि वडील दोघांकडून एकेक आलेला. मुलाचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं. त्यानंतर काही महिन्यांनी त्याच मुलाचा नमुना पुन्हा आमच्याकडे आला, तेव्हा दात्याच्या पेशींचा गट उजवीकडे, निरोगी नमुन्याच्या शेजारी येऊन बसला होता. चाचणी करणारी विद्यार्थिनी तो आलेख घेऊन धावतच माझ्या खोलीत आली. आम्ही दोघींनी काही न बोलता तो बराच वेळ पाहिला.

सेंट्रोसोम, नलिका, कणिका, पेशीपटल हे शब्द पेशीशास्त्राचे, आणि आजार इम्युनॉलॉजीचा. दोन विभागांच्या बैठकांत मला अनेकदा विचारलं गेलं आहे की तुमचं काम नेमकं कुणाचं. त्या मुलाच्या नमुन्यानंतर मी या प्रश्नाला एकाच पद्धतीने उत्तर देते: तो आलेख दाखवते.

क्षेत्र पुढे सरकतं तशी जुनी मतंही पालटतात, याचं अलीकडचं उदाहरण म्हणजे नियंत्रक टी-पेशी. प्रतिकार दाबणाऱ्या टी-पेशी असतात ही कल्पना १९८० च्या दशकात बदनाम झाली होती, अनेकांनी तिचं नावही टाकलं होतं. शिमोन साकागुची यांनी ती सोडली नाही. १९९५ मध्ये त्यांनी सीडी२५ या खुणेवरून अशा पेशी वेगळ्या काढून दाखवल्या. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी स्कर्फी नावाच्या आजारी उंदरांमधून फॉक्सपी३ हे जनुक शोधलं, आणि ते या पेशींचं मुख्य जनुक निघालं. २०२५ चं नोबेल या तिघांना मिळालं. ही बातमी आली तेव्हा लॅबमध्ये आनंद झाला, तो फक्त पारितोषिकाचा नव्हता. टी-पेशींच्या गर्दीत मिसळून गेलेला एक छोटा गट योग्य खुणेने वेगळा काढता आला, म्हणून सगळं चित्र बदललं.

सध्या आम्ही मारक पेशींच्या फरकांवर काम करतो आहोत. २०१६ मध्ये जिवंत उंदरांमध्ये केलेल्या चित्रीकरणातून दिसलं की विषाणूबाधित पेशींसमोर एक मारक टी-पेशी दिवसाला २ ते १६ पेशी मारते, आणि पुष्कळदा एका लक्ष्यावर एकीपेक्षा जास्त मारक पेशींना मिळून घाव घालावे लागतात. नळीतल्या टक्केवारीवरून आम्ही सगळे यांना याहून कितीतरी घातक समजत होतो. आमच्या छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये एकेका खळग्यात एक मारक पेशी आणि काही लक्ष्यपेशी ठेवून रात्रभर चित्रीकरण चालतं. काही मारक पेशी एकापाठोपाठ एक लक्ष्य संपवतात, काही चिकटतात आणि सोडून देतात, आणि काही तिथेच बाजूला पडून राहतात. आता चित्रीकरण संपल्यावर नेमकी तीच पेशी खळग्यातून उचलून तिच्यातल्या आरएनएची, म्हणजे कोणती जनुकं चालू आहेत ते सांगणाऱ्या रेणूंची, नोंद घ्यायची पद्धत आम्ही बसवत आहोत, म्हणजे तिचं वागणं आणि तिच्या आतली अवस्था एकाच पेशीवर जुळवता येईल. बारीक काचनळीने पेशी उचलताना तिला धक्का बसला तर आरएनए लगेच बदलतं. त्यामुळे गेले काही आठवडे माझी विद्यार्थिनी फक्त पेशी न बिथरवता उचलायला शिकते आहे, आणि मीही तिच्या शेजारी बसून पुन्हा ते शिकते आहे.